एक्केचाळीस जण परत जाणार

जनार्दन खानविलकरांना ज्यावर मत नाही असा विषय ओमानमधल्या सोहारमध्ये अजून निघायचा होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका सळ्यांच्या कारखान्यात ते देखभाल विभागाचे सुपरवायझर होते, पण तो झाला पोटापाण्याचा भाग. त्यांचा खरा धंदा मत देण्याचा. पाकिस्तानची फलंदाजी, कांद्याचे भाव, ओबामा, ओमानी हलव्यातलं तूप, काहीही विचारा. नाही विचारलंत तरी चालायचं.

त्यातलं सगळ्यात जुनं आणि जिवापाड जपलेलं मत म्हणजे, आपण इथले पाहुणे. "फार तर दोन वर्षं. मग खलास, देवरूख!" हे ते १९९३ साली रुस्ताकच्या एका वर्कशॉपमध्ये लागले तेव्हापासून सांगत आले होते, आणि आता २००९ चा सप्टेंबर चालू होता. देवरूखला त्यांनी घर बांधलं होतं. वर्षातून महिनाभर ते तिथे राहत. पहिले आठ दिवस विहिरीच्या पाण्याचं कौतुक चाले. मग लोडशेडिंग सुरू होई, तलाठी जागेवर सापडत नसे, आणि पंधराव्या दिवसापासून खानविलकर दिवसातून दोनदा परतीचं तिकीट कपाटातून काढून तारीख बघत. सोहारला उतरले, एसी लावला, अंग गार झालं की पुन्हा सुरू, "काय सांगू, आपलं गाव ते आपलं गाव!" ते खोटं बोलत होते असं म्हणता येणार नाही. रोज रोज बोललेलं माणसाला स्वतःलाही खरं वाटायला लागतं. आणि शेजारी बसून ऐकणाऱ्याला तर जास्तच.

शेजारी बसून ऐकणारी म्हणजे त्यांची बायको, शीला. देवरूखच्या शाळेत ती गणित शिकवायची. १९९६ साली दोन वर्षांची बिनपगारी रजा टाकून ती नवऱ्याकडे आली. रजा संपली, मग नोकरीही संपली. पुढची अकरा वर्षं तिने सोहारमधल्या निम्म्याअधिक भारतीय पोरांना घरी बसून अपूर्णांक शिकवले. यंदा ऑगस्टमध्ये तिला गावाहून फोन आला. एका नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई विचारत होत्या, दिवाळीनंतरच्या सत्राला गणिताला कोणी नाही, येता का? दिवाळीपर्यंत कळवा. शीला सेहेचाळीस वर्षांची होती. यानंतर कोणी विचारणार नाही हे तिला चांगलं कळत होतं.

तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. "कळवू की," ते म्हणाले, "नाहीतरी जायचंच आहे आपल्याला." शीलाने ते वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं. खानविलकरांनी पान उलटलं.

त्यानंतर महिन्याभराने पेपरात मेक्सिकोची बातमी आली. कोणीतरी तिकडच्या लोकांना गाठून मतं विचारली होती. देशात कसं चाललंय? तर वाईट. चोऱ्यामाऱ्या, महागाई, पोलीस, सगळ्याच्या नावाने बोंब. आणि शेजारच्या अमेरिकेत जायला मिळालं तर जाल का? तर तिघांतला एक म्हणे निघालोच.

खानविलकरांच्या दृष्टीने ही बातमी म्हणजे ताटात आयतं वाढलेलं पक्वान्न होतं, कारण कारखान्यात एक मेक्सिकन होता. नव्या भट्टीच्या कामासाठी आलेला एफ्राइन. माँतेरेचा, पन्नाशीचा, शांत माणूस. खानविलकरांनी चहाच्या सुट्टीत त्याच्यासमोर पेपर पसरला.

"हे काय रे? स्वतःच्या घराला शिव्या घालायच्या आणि शेजाऱ्याच्या दारात रांग लावायची?"

एफ्राइनने बातमी वाचली आणि चहात बिस्किट बुडवलं. "माझा एक भाऊ ह्यूस्टनला आहे," तो म्हणाला. "दर रविवारी फोनवर रडतो. तिकडची माणसं कशी, जेवण कसं, सगळं वाईट. मग मी म्हणतो, ये परत. लगेच त्याचं फोनचं कार्ड संपतं."

"बघ! आम्ही भारतीय तसे नाही. आम्हाला इथेही राहायचं नाही आणि शेजारच्या दुबईलाही जायचं नाही. उद्या म्हणालास तर उद्या घरी जाऊ."

"तू विचारलंयस सगळ्यांना?"

"विचारायचं काय त्यात?" खानविलकर म्हणाले खरे, पण एवढं नामी काम आपल्याला आजवर सुचलं कसं नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं.

कारखान्यात मराठी माणसं एक्केचाळीस. रत्नागिरी-रायगडचे मुसलमान, चिपळूण-संगमेश्वरकडचे हिंदू, दोन-चार घाटावरचे. दर शुक्रवारी सकाळी यातले बहुतेक जण खानविलकरांच्या फ्लॅटवर शीलाच्या हातचे पोहे खायला जमत. त्या आठवड्यात सगळ्यांना आवर्जून बोलावून खानविलकरांनी तीन प्रश्न काढले. दुबईबद्दल मत काय? मायदेशाची परिस्थिती कशी? संधी मिळाल्यास परत जाल का, आणि कधी?

आता कोणी म्हणेल, कागद वाटायचे, ज्याचे त्याने भरायचे. पण ही आपली रीत नव्हे. पाहुण्याच्या हातात पोह्यांची बशी असताना त्याला लिहायला लावणं बरं दिसतं का? "तुम्ही खा, मी लिहितो," म्हणत खानविलकर स्वतःच पेन घेऊन बसले आणि भर बैठकीत एकेकाला नाव घेऊन, मोठ्याने विचारत गेले.

पहिला नंबर मुस्तफाचा. हा दाभोळचा, कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा. "दुबय? नुसता दिखावा वो, जनार्दनभाऊ. सगला कर्जावर हुभा केलेला. आता बसले बोंबलत." परत कधी जाणार? मुस्तफाने खोलीभर नजर फिरवली. चाळीस जण त्याच्याकडे बघत होते. "म्हयन्याभरात," तो म्हणाला.

पाठोपाठ प्रयोगशाळेतले कृष्णकांत सावर्डेकर. त्यांच्या देशप्रेमाची मुदत मुस्तफापेक्षा लांब कशी असेल? "मी तर आठवड्यात." तिसरा म्हणाला, "मी आजच." चौथ्याला आजच्या अलीकडचं काही सापडेना, म्हणून तो म्हणाला, "माझं शरीर फक्त इथे आहे." बैठकीत वाहवा झाली. मायदेशाची परिस्थिती तर अशी काही सुधारली की विचारू नका. कालच गावच्या रस्त्यावरून बिल्डरपासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करणाऱ्या माणसाने 'उत्तम' असं उत्तर दिलं. खानविलकर भराभर लिहीत होते. सर्वांत वर त्यांनी स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं, 'लगेच'.

"माझं नाही विचारलंत," शीला स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"तू कुठे कंपनीत आहेस? तू मोजणीत बसत नाहीस गं," खानविलकर म्हणाले आणि सगळे हसले. शीलाही हसली, पण तिने यादीत डोकावून नवऱ्याच्या नावापुढचा शब्द वाचला. आत जाऊन तिने ओट्यावरची रिकामी कढई उगाचच दोनदा धुतली. तिला फार आनंद झाला होता.

त्यांच्या दहावीतल्या मुलीने, उर्वीने, सगळं कॉम्प्युटरवर इंग्रजीत टाईप करून दिलं. "पप्पा, 'माझं शरीर फक्त इथे आहे' हे कसं लिहू? लोकांना वाटेल डेड आहे." ते वाक्य गाळलं. बाकी नावं, हुद्दे, मतं, सगळं चौकटीत व्यवस्थित बसलं. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस परत जाणार. खानविलकरांनी ते आधी एफ्राइनला दाखवलं. एफ्राइनने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "माझ्या भावालाही मी आईसमोर विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं." खानविलकरांना वाटलं, जळतोय.

एवढ्यावर थांबले असते तर ते खानविलकर कसले? आपली माणसं किती निर्लोभी आहेत हे वरच्यांना कळायला नको? ते कागद घेऊन थेट एचआरच्या रशीदकडे गेले. रशीद इथलाच, सोहारचा. अतिशय सभ्य माणूस. त्याने कॉफी ओतली, खजूर पुढे केले, आणि यादी वाचता वाचता त्याचा चेहरा असा उजळला की खानविलकरांना धन्य वाटलं.

"माशाल्ला, जनार्दन! तू माझ्या मनातलं ओळखलंस कसं?"

मग रशीदने दार लोटून घेतलं आणि मन मोकळं केलं. लोखंडाचा भाव वर्षभर पडलेला. त्यात मस्कतहून ताकीद, की आणखी ओमानी मुलं कामावर घ्या. चाळीसेक परदेशी माणसं कमी करायची होती. "पंधरा-पंधरा वर्षांचे मित्र. कुठल्या तोंडाने सांगू, जा म्हणून? जेवण जात नव्हतं मला. आणि तू तर नावासकट घेऊन आलास! सगळे स्वखुशीने!"

खानविलकरांनी कप खाली ठेवला. त्याच वेळी म्हणायला हवं होतं, की बाबा, हे नुसतं बोलणं आहे. पण ते म्हणजे आपलं सगळ्यात जुनं मत आपल्याच तोंडाने खोटं ठरवायचं. ते त्यांच्याच्याने झालं नाही. त्यांनी आणखी एक खजूर खाल्ला, "इन्शाल्ला, इन्शाल्ला," म्हणाले आणि बाहेर पडले.

पाचव्या दिवशी एक्केचाळीस पत्रं आली. तुम्ही व्यक्त केलेल्या इच्छेनुसार नोव्हेंबरअखेर आपल्याला मोकळं करण्यात कंपनीला आनंद होत आहे. दहा दिवसांत सही करून परत द्यावं.

संध्याकाळी खानविलकरांच्या दारात चपलांचा ढीग पडला. आज पोहे नव्हते.

"मी कधी म्हटलं मला जायचंय?" सावर्डेकर ओरडले.

"अहो, इथे, या सोफ्यावर बसून म्हटलंत! आठवड्यात जातो म्हणालात!"

"तसं म्हणतात हो! घरी पाहुणा उठला की आपण 'बसा की, जेवूनच जा' म्हणतो. तो बसतो का?"

"जनार्दनभाऊ," मुस्तफा रडकुंडीला आला होता, "माजे दोन पोरी कॉलेजात हायत. गावात जाऊन काय मासे मारू? बापाची होडी पन इकली मी. तुमी लिवताना जरा इचार करायचा का नाय?"

"तू बोललास ते लिहिलं."

"मी बोललो सगल्यांसमोर! सगल्यांसमोर दुसरा काय बोलनार?"

मुस्तफा अगदी बरोबर बोलत होता.

या सगळ्या गदारोळात सोहारमध्ये एकच व्यक्ती खूश होती. पत्र आलं त्याच दुपारी शीलाने मुख्याध्यापिकाबाईंना फोन करून येते म्हणून कळवून टाकलं होतं. माळ्यावरच्या बॅगा खाली आल्या होत्या. आठवीच्या गणिताचं नवीन पुस्तक पाठव म्हणून बहिणीला निरोप गेला होता. माणसं गेल्यावर ती नवऱ्याजवळ येऊन बसली. "लोकांचं वाईट वाटतंच हो," ती म्हणाली. "पण तुम्ही तुमचा शब्द खरा केलात. मला वाटत नव्हतं तुम्ही कराल." आणि तेरा वर्षांत पहिल्यांदाच तिने लाजत लाजत विचारलं, "शाळेत परत साडी नेसावी लागेल ना?"

खानविलकरांनी मान हलवली. त्या क्षणी सांगायला हवं होतं. खरं तर त्यांना स्वतःलाही ते तेव्हाच नीट कळलं होतं. देवरूखला आपण सकाळी उठून करायचं काय, कोणावर सुपरवायझर व्हायचं, हे त्यांना काही केल्या दिसेना. पण समोर शीलाचा चेहरा फुललेला होता. भित्रेपणाला त्यांनी प्रेम असं नाव दिलं आणि टीव्ही लावला.

रशीदला पुन्हा भेटायचं तर हातात नवा कागद हवा. असं ठरलं की पुन्हा मतं घ्यायची, पण या वेळी नाव नाही, बोलणं नाही. येत्या शुक्रवारी खानविलकरांकडेच. मुस्तफाने केळ्यांचं रिकामं खोकं आणलं आणि वरून फट पाडली. एकाच चिठ्ठीवर दोन उत्तरं लिहायची. परत जायचं? हो की नाही. दुबईहून बोलावणं आलं तर जाल? हो की नाही. एकेकाने उर्वीच्या खोलीत जायचं, दार लावायचं, लिहायचं, टाकायचं. मोजायला तिऱ्हाईत माणूस हवा म्हणून एफ्राइनला बोलावलं. उर्वीने त्याला 'हो' आणि 'नाही' कसे दिसतात ते कागदावर काढून दिलं.

खानविलकर सगळ्यात शेवटी आत गेले. दार लावलं. मुलीच्या टेबलापाशी बसले. सोळा वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी एकट्याला विचारला नव्हता. त्यांनी पटकन 'नाही' लिहिलं, खाली दुबईपुढे 'हो' लिहिलं, चिठ्ठीची आठ वेळा घडी घातली आणि चोरासारखे बाहेर आले. बाहेर शीला पोह्यांच्या बशा आवरत होती. "मीही जाऊन येते," ती सहज म्हणाली आणि आत गेली. कोणाचं लक्ष नव्हतं. या वेळी मोजणीत बसतेस की नाही हे खानविलकरांनी विचारलं नाही.

एफ्राइनने खोकं जमिनीवर उपडं केलं आणि एकेक चिठ्ठी उलगडून दोन ढीग करायला लागला. खरं तर ढीग एकच होत होता. नाही, नाही, नाही. दहा झाल्या, वीस झाल्या. माणसं खाली बघायला लागली. नुसतं शरीरानेच इथे असलेला तो गृहस्थ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. दुबईला मात्र एकामागून एक 'हो' पडत होते. त्या दिखाऊ, कर्जबाजारी, बुडालेल्या दुबईला छत्तीस जण जायला तयार निघाले.

"हे सगळं आमचंच आहे," एफ्राइन गालात हसत म्हणाला. "फक्त शेजाऱ्याचं नाव बदला."

अगदी शेवटी एक चिठ्ठी त्याने उजेडात धरली, उर्वीच्या कागदाशी ताडून पाहिली आणि वेगळी ठेवली. "परत जायचं. हो. ही एक."

प्रत्येकाला स्वतःचं उत्तर ठाऊक होतं, तेव्हा हा 'हो' कोणाचा हे सांगायला ज्योतिषी नको होता. पहिल्यांदा सावर्डेकर उठले आणि त्यांनी खानविलकरांना मिठी मारली. "माफ करा, साहेब. रागाच्या भरात काहीबाही बोललो. आम्ही सगळे बोलघेवडे. बोलल्याप्रमाणे वागणारे तुम्ही एकटे." मुस्तफाने डोळे पुसत त्यांचे हात हातात घेतले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

"पण बेचाळीस झाल्या," एफ्राइन हळूच म्हणाला. "तुम्ही तर एक्केचाळीस ना?"

"कोनतरी घाबरून दोनदा टाकली आसंल," मुस्तफा म्हणाला आणि तो विषय तिथेच मिटला.

शीलासाठी तो मिटला नव्हता. ती बशांची चळत घेऊन दारात उभी होती. गणिताची बाई ती. तिने आत जाऊन 'हो' लिहिलं होतं आणि खोक्यातून दोन 'हो' निघायची वाट बघत होती. एकच निघाला. टाळ्या चालू होत्या, माणसं तिच्या नवऱ्याच्या पाठीवर थोपटत होती, आणि ती त्यांच्याकडे बघत होती. खानविलकरांनीही तिच्याकडे पाहिलं. मग मिठी मारायला आलेल्या पुढच्या माणसाच्या खांद्यात तोंड लपवलं.

शनिवारी रशीदने चाळीस पत्रं हळहळत मागे घेतली. तो म्हणाला, बघू, ठेकेदारांची माणसं कमी करता येतात का. कोणाच्या तरी पोटावर पाय येणारच होता. ते पोट आता मराठी नव्हतं, इतकंच. एक्केचाळिसावं पत्र त्याने टेबलावर तसंच ठेवलं. "आणि तुझं, जनार्दन? सगळे म्हणतात, तू खरा माणूस आहेस."

"मुलीची दहावी आहे," खानविलकर म्हणाले. "या वर्षी नको." रशीदने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. तो सभ्य माणूस होता. त्याने पत्र फाडलं आणि कॉफी ओतली.

घरी आले तेव्हा तीन बॅगांपैकी दोन पुन्हा माळ्यावर गेल्या होत्या. तिसरी पलंगावर उघडी होती आणि शीला तिच्यात साड्या ठेवत होती.

"शीला, अगं ऐक," ते म्हणाले. "ती चिठ्ठी... म्हणजे त्या वेळी माझ्या मनात..."

"तुम्हाला जायचं नाही, यात काही चूक नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला सांगितलं नाहीत, ती चूक. पहिल्याच वर्षी म्हणाला असतात, शीला, मला इथेच बरं वाटतं, तर मी रजा संपायच्या आत जाऊन हजर झाले असते. सुट्ट्यांना येत-जात राहिले असते. किती बायका राहतात. मी तेरा वर्षं तुमच्या बोलण्यावर बॅग भरून बसले हो."

"आपण पुढच्या वर्षी..."

"नको." तिने हात वर केला. "उर्वीशी बोलले मी. परीक्षेपर्यंत ती इथे राहील. तिचे डबे तुम्ही बघा, भात तिला मोकळा लागतो. माझं तिकीट काढून द्या, दिवाळीच्या आधीचं."

ती बाहेर जाऊन उर्वीला काहीतरी समजावायला लागली. खानविलकर पलंगाच्या कडेवर बसून राहिले. त्यांना रडू येत होतं, आणि कोणासमोर रडायचं ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ट्रॅव्हलवाल्याला फोन लावला. नाव सांगितलं, तारीख सांगितली, मस्कत ते मुंबई सांगितलं.

"रिटर्न करू ना, साहेब?" पलीकडून मुलाने विचारलं. "तुमचं दरवर्षी रिटर्नच असतं."

खानविलकर फोन हातात धरून दारापर्यंत आले. शीलाने प्रश्न ऐकला नव्हता, पण त्यांच्या चेहऱ्यावरून तिला तो कळला. तिने नकारार्थी मान हलवली.

"नाही," खानविलकर फोनमध्ये म्हणाले, "फक्त जायचं."